वीतभर वर, डावीकडे

दादाराव रामटेक्यांनी आयुष्यात कुठल्याच काट्यावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. ही निंदा नव्हे, तो त्यांचा पेशाच आहे. जुरोंग आयलंडवरच्या एका रासायनिक कारखान्यात ते गेली एकोणीस वर्षं मापनयंत्रं तपासतात. दाब, तापमान, टाकीतली पातळी दाखवणारे शेकडो गेज. त्यातले खोटं बोलणारे पकडायचे आणि ताळ्यावर आणायचे. "अनघाताई, काटा खोटाच आहे असं धरून चालायचं," ते मला सांगत. "खरा असेल तर त्यानं सिद्ध करावं. आपण काहून मानायचं?"

ही सवय कारखान्याच्या फाटकावर ठेवून यावी, तर तेही नाही. जुरोंग ईस्टच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एका स्वयंपाकघरात तीन घड्याळं आहेत, कारण दोन असली तर खोटं कोण ते कळत नाही. बाजारातून आणलेली कोथिंबीर घरी पुन्हा वजनकाट्यावर चढते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या बाजारात, कमी साखरेची कॉफी मागवली की पहिला घोट घेऊन ते पाच सेकंद गप्प बसतात. तेवढ्या वेळात कॉफीवाल्या आंटीचा चेहरा कसा होतो हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मी पुण्याची, राहते मरीन परेडला, एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि स्वभावाने तापट आहे. आमची ओळख मराठी मंडळाच्या सहलीत झाली. बोलता बोलता कळलं की कॉलेजात दोघांनीही एनसीसीत नेमबाजी केली होती. पुढच्याच महिन्यात आम्ही या बेटाएवढ्या देशाच्या पश्चिम टोकाच्या एका गन क्लबात नाव घातलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी जुरोंग ईस्टच्या एमआरटी स्टेशनाखाली ते माझी वाट बघतात आणि आम्ही एका टॅक्सीने क्लबात जातो. याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी त्या माणसाशेजारी बसते आहे, हे लक्षात ठेवा. पुढे मला त्याचीच लाज वाटायची आहे.

या देशात बंदूक घरी नेता येत नाही. ती क्लबाच्या आर्मरीत कुलपात राहते. आपण जायचं, पास दाखवायचा, सही करायची, मग आर्मरीवाला जाळीच्या खिडकीतून बंदूक हातात देतो. शनिवारी हे काम लिम नावाची एक अबोल बाई करायची आणि रविवारी उस्मान. उस्मान त्रेसष्ट वर्षांचा, सत्तावीस वर्षं त्याच खिडकीमागे. मी 'दादाराव' म्हणते ते ऐकून ऐकून तो त्यांना 'दादा' म्हणायला लागला होता. बंदूक देण्याआधी ठरलेला प्रश्न: "दादा, मकान ऑलरेडी?" म्हणजे जेवलात का, एवढंच. खिडकीपाशी त्याने डबा उघडलेला असला तर त्यातलं काहीतरी दादारावांच्या हातावर यायचंच.

दादारावांची बंदूक मुळात टर्की मारायची. क्लबातल्या हॉलिस नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरची ती. त्यांच्या गावाकडे वसंतात रानटर्कीची शिकार करतात. पक्षी मोठा पण नेम धरायचा तो मुठीएवढ्या डोक्यावर, म्हणून बंदुकीचे छर्रे पांगता कामा नयेत. नळीच्या तोंडाशी चोक नावाची आटे असलेली छोटी नळी पिळून बसवतात, ती छर्ऱ्यांना एकवटून ठेवते. इथे शिकार कसली करणार! हॉलिस कागदावर टर्कीचं डोकं काढून चाळीस पावलांवरून त्यावर काडतूस झाडायचे, मग छर्ऱ्यांची भोकं मोजून त्या झुबक्याचा मधला बिंदू काढायचे. बिंदू डोक्यावर पडला तर बंदूक खरी. मायदेशी परतताना त्यांनी सगळे परवाने रीतसर करून ती बंदूक दादारावांना दिली. हा कागदाचा नादही सोबत दिला.

दादारावांनी फक्त टर्की काढून टाकली. "मी पंचशील घेतलेला माणूस," ते म्हणाले, "कागदावरचाही पक्षी नको." त्यांच्या कागदावर काळं वर्तुळ असायचं. क्लबात डिसेंबरमध्ये या कागदांची स्पर्धा होते आणि ती ते तीनदा जिंकले होते. छर्ऱ्यांचा झुबका वर्तुळावर असा बसायचा की बघणाऱ्याने मान हलवावी.

जूनमध्ये मात्र बिघडलं.

महिनाभराची रजा काढून ते नागपूरला जाऊन आले होते. परतल्यावर पहिल्याच रविवारी झुबका वर्तुळ सोडून वीतभर वर आणि डावीकडे. त्यांनी पुन्हा झाडली. यावेळी चार बोटं वर. तिसरी पुन्हा वीतभर. पुढच्या शनिवारी कारखान्यातून परस्पर क्लबात गेले, तर बंदूक सुतासारखी सरळ. रविवारी पुन्हा डावीकडे. एका जागी चुकली असती तर दुरुस्ती सोपी होती. ही रोज वेगळी चुकत होती, आणि कधी कधी चुकतच नव्हती.

असा काटा म्हणजे दादारावांच्या दृष्टीने सराईत गुन्हेगार. त्यांनी एक वही घातली. काडतुसाचा लॉट, हवेतला दमटपणा, वारा, चोक किती पिळला, नळीचा नट, आर्मरीत कोण होतं, असे पंधरा रकाने. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून झाडून बघितली, तरी रविवारी वर आणि डावीकडेच. "पिशवीवर ठेवली म्हणजे माणसाची चूक वगळली," त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. एका शनिवारी मला झाडायला लावली. माझे तिन्ही कागद नीट आले. रविवारी मात्र ते कुणाला हात लावू देईनात. रविवारची बंदूक म्हणजे पुरावा, तो खराब व्हायला नको.

ऑगस्टअखेर ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती लॅपटॉपवर चढवली आणि आलेख काढला. बरोबर आलेला दिवस हिरवा, चुकलेला लाल. पंधरा रकान्यांतल्या चौदांनी काहीच सांगितलं नाही. पंधराव्याने मात्र सांगितलं. अकरा लाल ठिपके, आणि अकराही वेळा खिडकीत उस्मान.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. आठवडाभर आकड्यांत डोकं घालून बसणाऱ्या बाईला एवढं स्वच्छ उत्तर फार क्वचित मिळतं. "कुठंतरी पाणी मुरतंय," मी म्हणाले. दादाराव कॉफीचा पहिला घोट घेतल्यावर बसतात तसे गप्प बसले.

मग आम्ही दोघं उस्मानवर नजर ठेवू लागलो. तशी नजर ठेवली की माणूस काय काय करताना दिसतो! आम्ही खिडकीशी आलो की तो खणात काहीतरी सरकवून खण बंद करायचा. एकदा दादारावांची चोक पिळायची किल्ली त्याच्या टेबलावर होती. एकदा बंदुकीला ताज्या तेलाचा वास आला. दादारावांना वाटू लागलं की रविवारी आम्ही यायच्या आधी तो त्यांची बंदूक दुसऱ्या कुणाला तरी चोरून झाडायला देतो आणि चोक बदलून ठेवतो. डबा पुढे आला की "नको, पोट भरलंय" म्हणू लागले. बंदूक हातात आली की त्याच्यादेखत चोक पिळून बघायचे, नळीत बॅटरी मारायचे, क्रमांक वाचायचे. उस्मान जाळीमागे उभा राहून बघत राहायचा.

शेवटी त्यांनी आपल्या कारखान्यातला उपाय केला. तिथे नट घट्ट केला की नटावरून पाइपावर रंगाची एक रेघ ओढतात. नट कुणी फिरवला तर रेघ तुटते. दादारावांनी घरून बायकोचं, बेबीवहिनींचं, लाल नेलपॉलिश आणलं, चोकवरून नळीवर बारीक रेघ ओढली आणि बंदूक परत केली. पुढच्या रविवारी बघतो तर रेघ गायब. तुटलेली नव्हे, साफ पुसलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रारीचा मजकूर मीच इंग्रजीत लिहिला, आलेख जोडला आणि दादारावांच्या सहीखाली साक्षीदार म्हणून सही ठोकली. दादाराव म्हणाले, "अजून एक महिना मोजू या का?" मीच म्हणाले, "आता काय मोजायचं राहिलंय?"

बंदुकीच्या बाबतीत इथे कोणी हलक्याने घेत नाही. दुसऱ्याच दिवशी उस्मानच्या किल्ल्या काढून घेतल्या. क्लबाच्या कमिटीने कळवलं की येत्या रविवारी चौकशी होईल. आरोप खरा ठरला तर त्याची नोकरी जाईल आणि प्रकरण पोलिसांकडे जाईल. वयामुळे त्याचा करार दरवर्षी नव्याने करावा लागे. अशी एक ओळ कागदावर आली की त्या वयात दुसरं काम मिळणं कठीण, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. "चूक त्याची आहे," मी म्हणाले. दादारावांनी होकारार्थी मान हलवली.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. बेबीवहिनींनी पाटोडीचा रस्सा केला होता. दादाराव कंपनीच्या बसमधून उतरून आले ते डोळ्यांवर कारखान्याचा सुरक्षा चष्मा, कडेला झापडं असलेला, तसाच ठेवून टेबलाशी बसले.

"अहो, ते आधी काढा बरं," वहिनी म्हणाल्या. "एवढा नवा करून दिला नागपूरला, तो काय कपाटात पुजायला?" मग माझ्याकडे वळून, "तुम्हीच सांगा अनघाताई. दोन दिवसांत तयार करून घेतला. इकडे केवढं महाग सांगतात. दूरचा नि जवळचा एकात. आणि हे तो घालणार फक्त सुट्टीच्या दिवशी."

दादारावांनी निमूटपणे चष्मा बदलला आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला हनुवटी वर केली, मान मागे नेली. त्यांची मुलगी राणी, पॉलिटेक्निकला आहे, ती इथल्या बोलीतला 'लाह' जोडून हसली. "पप्पा, यू लुक लाइक टर्की, लाह!"

माझा घास हातातच राहिला.

"वहिनी, हा चष्मा कधी केला?"

"मे महिन्यात. परत यायच्या आधी."

पहिला लाल ठिपका जूनच्या पहिल्या रविवारचा होता. शनिवारी दादाराव अर्धा दिवस ड्यूटी करून परस्पर क्लबात जातात, डोळ्यांवर कारखान्याचा, दूरच्या एकाच नंबरचा चष्मा. रविवारी घरून येतात. बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवला की डोळा भिंगाच्या वरच्या, नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघतो, आणि असल्या दुहेरी भिंगाच्या कोपऱ्यात चित्र वाकडं होऊन तरंगतं. ते स्थिर करायला माणूस नकळत गाल उचलतो. कधी बोटभर, कधी कमी. गाल उचलला की डोळा वर आणि डावीकडे सरकतो. छर्रेही तिकडेच जातात. वाळूच्या पिशवीने बंदूक धरली होती, डोळा नव्हे. नऊ वर्षं मी टॅक्सीत त्या चेहऱ्याशेजारी बसते, आणि जूनपासून नवा चष्मा मला दिसला नव्हता.

पुढचं कबूल करायला जड जातं. मला वाटलं, बोलूच नये. तक्रारीवर माझी सही होती, आलेख माझा होता, "आता काय मोजायचं राहिलंय" हे शब्दही माझेच होते. रस्सा संपेपर्यंत मी गप्प राहिले. मग खणाशी उभ्या उस्मानचा चेहरा आठवला आणि मी सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे माझ्या चष्म्यानं केलं का हे?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादारावांनी चष्मा काढून उजेडात धरला, उलटा करून पाहिला, काड्या हलवून पाहिल्या. "हा तर्क झाला, अनघाताई," ते म्हणाले. "उद्या मोजू."

शनिवारी खिडकीत लिम होती आणि उस्मान आपल्या घरी. दादारावांनी दहा कागद लावले. एक कारखान्याच्या चष्म्यातून, एक नागपूरच्या, पुन्हा कारखान्याच्या, असे दहा. मी कागद काढून आणत होते आणि क्रमाने जमिनीवर मांडत होते. पाच झुबके वर्तुळावर. पाच वर आणि डावीकडे, त्यातले कुठलेही दोन एका जागी नाहीत.

ते प्रत्येक कागदापाशी वाकून झुबका बघत गेले. मग वही काढली आणि "माणसाची चूक वगळली" या ओळीवर काट मारली. पेन चालेना म्हणून पुन्हा मारली. "पंधरा रकाने केले मी," ते म्हणाले, "त्यात माझा एकही नव्हता. आणि त्याचा होता."  माझाही रकाना नव्हता.

रविवारी कमिटीपुढे दादारावांनी उभं राहून सगळं सांगितलं. दहा कागद टेबलावर मांडले, तक्रार मागे घेतली आणि म्हणाले की दोषी मी आहे. मीही उभी राहिले आणि माझ्या सहीबद्दल बोलले. आलेख मी काढला होता, तोही चुकीचा नव्हता, चुकीचं होतं ते आम्ही त्यातून वाचलेलं. कमिटीने उस्मानला किल्ल्या परत दिल्या. तो इस्त्री केलेल्या शर्टात कोपऱ्यात बसला होता. शेजारी त्याची बायको होती, तिने पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

बाहेर व्हरांड्यात दादाराव त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी हात जोडले. मग, हा माणूस सुधारायचा नाहीच, विचारलं, की ती लाल रेघ कशी गेली?

"रेघ?" उस्मान आपल्या इंग्रजीत म्हणाला. "नळीला लाल काहीतरी लागलेलं होतं. कुणाचा तरी रंग असेल. मी सॉल्व्हंटने पुसलं. बंदूक स्वच्छ ठेवणं माझं काम."

"आणि तो खण?" मी विचारलं. विचारताना मला लाज वाटत होती, पण विचारलं.

तो आत गेला आणि खणातून कागदांची गुंडाळी घेऊन आला. दादारावांनी रविवारी कचऱ्यात टाकलेले कागद होते ते, घड्या सरळ करून ठेवलेले. जूनपासूनचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख आणि खाली पेन्सिलीने एकच शब्द: स्पेक्स.

"संडे, यू वेअर अनदर स्पेक्स," उस्मान म्हणाला. "फर्स्ट डे आय ऑलरेडी सी. फर्स्ट मेक शुअर, देन आय वॉन्ट टू टेल." मग शब्द शोधत थोडा थांबला. "बट यू एव्हरी टाइम चेक, चेक. लुक ॲट मी लाइक थीफ. हाउ टू टेल, लाह?"

 गुंडाळी दादारावांनी दोन्ही हातांनी घेतली.

या गोष्टीला आता सात महिने झाले. डिसेंबरच्या स्पर्धेत दादारावांनी नाव घातलं नाही. नेमबाजीसाठी त्यांनी एक साधा चष्मा करून घेतला आहे, तो आर्मरीतच ठेवतात. झुबका पुन्हा वर्तुळावर बसतो. घरात तीन घड्याळं आहेतच.

चौकशीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही खिडकीशी गेलो तेव्हा त्यांनी एक गोष्ट मनाशी ठरवली होती. टॅक्सीत मला सांगितली होती. उस्मानने जाळीतून बंदूक पुढे केली. दादारावांनी चोकला हात लावला नाही, नळीत डोकावले नाहीत, क्रमांक वाचला नाही. त्या माणसाला ते किती जड गेलं असेल हे मलाच ठाऊक. बंदूक खांद्यावर घेऊन ते सरळ वळले.

"सर," उस्मानने मागून हाक मारली.

दादाराव थांबले. नऊ वर्षांत त्याने त्यांना सर म्हटलं नव्हतं.

खिडकीच्या कट्ट्यावर एक नवं रजिस्टर होतं, रेघा आखून केलेलं: चोक, नळी, क्रमांक, सदस्याने स्वतः तपासलं, सही. उस्मानने ते त्यांच्याकडे फिरवलं, वर बॅटरी ठेवली आणि अदबीने म्हणाला, "प्लीज चेक फर्स्ट, सर. देन साइन."

त्याचा डबा बाजूला बंद होता. दादारावांनी चोक पिळून बघितला, नळीत बॅटरी मारली, क्रमांक मोठ्याने वाचला आणि सही केली. अजूनही दर रविवारी करतात.